प्रिंटरशेजारची खुर्ची, दुपारी चारचं डोकं आणि मुलीच्या खोलीतला ३१०

कोपऱ्यातला_कारकून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात एका छोट्या करसल्लागार कार्यालयात नोकरी करतो. सात माणसं, एक खोली, साधारण बारा बाय वीस. आधीची जागा जुन्या वाड्यात होती. उकडायचं, पण खिडक्या होत्या. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी नवा गाळा घेतला. काचेचं दार, फॉल्स सीलिंग, दोन स्प्लिट एसी. एसीची हवा जाऊ नये म्हणून खिडक्या स्क्रू मारून कायमच्या बंद. माझी खुर्ची कोपऱ्यात आणि डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर झेरॉक्स-प्रिंटर-स्कॅनर असं सगळं एकत्र असलेलं मोठं धूड.

सध्या ऑडिटची धावपळ आहे. रोज हजारभर पानं निघतात. दुपारी चारच्या सुमारास डोकं धरतं, घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. रविवारी काही नाही. बायको म्हणाली चष्म्याचा नंबर वाढला असेल. तपासून आलो, आहे तोच आहे.

शेवटी हवा मोजायचा मीटर मागवला. मशीनवर ठेवला आणि शंभर पानं सलग काढली. पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा, आकडा ३८ वरून ४१ वर गेला. बस! दाराबाहेर रस्त्याकडे धरला तर ६४. म्हणजे मशीन निर्दोष?

खरी गंमत पुढे आहे. तोच मीटर घरी नेला आणि रात्री मुलीच्या खोलीत ठेवला. आकडा ३१०! उदबत्ती नाही, कॉइल नाही, दार बंद, स्वयंपाक आटोपून तीन तास झालेले. मीटर बिघडला म्हणून हॉलमध्ये आणला तर ४५. पुन्हा आत नेला तर २९०.

ऑफिसात त्रास होतो तिथे आकडा नाही, घरी आकडा आहे तर कुणाला त्रास नाही. कुणी उलगडा करेल का?

पेठेतला_पाहुणा

खिडकी उघडा. धागा संपला.

कोपऱ्यातला_कारकून

खिडक्या स्क्रू मारून बंद आहेत हो. वर लिहिलंय.

पेठेतला_पाहुणा

स्क्रू ड्रायव्हर वीस रुपयांना मिळतो.

मृण्मयी_रसायन

पाहुण्यांकडे लक्ष देऊ नका (जरी त्यांचं म्हणणं चुकीचं नसलं तरी).

तुमचा मीटर खोटं बोलत नाहीये, पण त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. या मीटरमध्ये छोटा पंखा हवा ओढतो, त्या हवेवर लेसरचा झोत पडतो आणि कणांवरून उसळलेला प्रकाश मोजून आकडा बनतो. साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण त्याला दिसतच नाहीत. लेसर प्रिंटरमधून निघणारे कण मुख्यतः ०.१ मायक्रॉनच्या खालचे, म्हणजे अतिसूक्ष्म. संख्येने अफाट, पण वजन जवळजवळ शून्य. पीएम २.५ हे वजनाचं माप आहे, घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम ते. हत्ती मोजायच्या काट्यावर मुंग्या मोजल्यासारखं झालं हे.

यावरचा गाजलेला अभ्यास ऑस्ट्रेलियातला, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीचा, २००७ सालचा. लिडिया मोरावस्का आणि त्यांचे सहकारी खरं तर एका कार्यालयाची वायुवीजन यंत्रणा तपासायला गेले होते. बाहेरच्या रहदारीचे कण आत किती येतात ते बघायचं होतं. कण आतच तयार होताना दिसले. मग त्यांनी ६२ प्रिंटर तपासले. ३७ मधून काहीच लक्षणीय निघत नव्हतं, पण १७ भरपूर कण सोडत होते. कामाच्या वेळात खोलीतल्या कणांची संख्या पाचपट होत होती. (याच मोरावस्काबाईंनी २०२० मध्ये कोविड हवेतून पसरतो हे मान्य करा म्हणून पुढाकार घेतला होता. त्या पत्राला २३९ शास्त्रज्ञांचा पाठिंबा होता.)

हे कण म्हणजे टोनरची पूड नव्हे, हे पुढच्या कामात स्पष्ट झालं. पूड कागदावर वितळवून चिकटवायला आत तापलेला रूळ असतो. त्या उष्णतेने टोनर आणि कागदातले काही पदार्थ वाफ होऊन बाहेर पडतात आणि थंड हवेत गोठून त्यांचे सूक्ष्म थेंब होतात.

आता मुलीच्या खोलीबद्दल. रात्री तिथे विजेवर काय काय चालू असतं, सगळं सांगा. नाइट लॅम्पसुद्धा.

कोपऱ्यातला_कारकून

ताई, अगदी सोप्या शब्दांत सांगितलंत, धन्यवाद.

खोलीत एसी, नाइट लॅम्प, मोबाइलचा चार्जर आणि ह्युमिडिफायर. एसीने तिचं नाक सुकून रक्त यायचं म्हणून दोन महिन्यांपूर्वी घेतला.

पेठेतला_पाहुणा

ठाण्यात. पावसाळ्यात. ह्युमिडिफायर. समुद्रात मीठ टाकायचं कामही घेता का?

मृण्मयी_रसायन

सापडला चोर. थंड वाफेचा आहे ना, हात धरला तरी भाजत नाही असा? आणि पाणी कुठलं घालता, नळाचं?

त्यात वाफ नसतेच. आत एक चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते. पाणी उकळलं तर क्षार तळाशी राहतात, किटलीत पांढरा थर बसतो तसे. इथे पाणी उकळत नाही, त्यामुळे क्षारांसकट उडतं. तुषार हवेत सुकतात आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमची पूड तरंगत राहते. काळ्या फर्निचरवर पांढरी धूळ दिसते का बघा.

३१० मधले सगळेच क्षार नसतील, मीटर पाण्याच्या थेंबांनाही कण समजतो. म्हणून एक करा. आज नळाचं पाणी घालून मीटर लांबच्या कोपऱ्यात ठेवा. उद्या तेवढाच वेळ, त्याच जागी, आरओचं पाणी घालून. फरक इथे लिहा.

आणि त्या टाकीत कसलंही जंतुनाशक किंवा सुगंधी द्रव घालू नका. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक वर्षानुवर्षं दुकानात राजरोस विकलं जात होतं. बाळंतिणी आणि लहान मुलं फुफ्फुसांच्या आजाराने दगावायला लागली, २०११ मध्ये कारण उघड झालं. अंगाला लागलं तर विशेष काही न करणारं रसायन फुफ्फुसात तुषार होऊन गेल्यावर जीवघेणं ठरलं.

टोनरवाला

एकोणीस वर्षं याच लाइनीत आहे. मशीन दुरुस्ती, रिफिल, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) सगळं. दोन शब्द बोलतो.

ताई म्हणतात तो तापलेला रूळ म्हणजे फ्यूजर. १८० ते २०० डिग्रीवर असतो. रोज बघतो ते सांगतो. मशीन थंड असताना पहिल्या पाच-दहा पानांना वास जास्त येतो, नंतर बसतो. म्हणून एकेक पान दहादा काढण्यापेक्षा साठवून एकदम काढलेलं बरं.

जुन्या मशीनला करोना वायर असायची. ड्रमवर चार्ज द्यायला बारीक तार, तिच्यावर हजारो व्होल्ट. त्याच्यातून ओझोन तयार व्हायचा. जुन्या झेरॉक्सच्या दुकानात शिरल्यावर नाकात झणका बसायचा, आठवतोय? तो ओझोन. आताच्या बऱ्याच मशीनला रबरी रोलर असतो, ओझोन खूप कमी. पण मोठ्या मशीनला अजून काही ठिकाणी तार आहे आणि तिच्या पंख्यासमोर जाळीचा कार्बन फिल्टर असतो. तो बदलायचा असतो हे गिऱ्हाइकाला माहीत नाही आणि आमचे लोक सांगत नाहीत, कारण बदलला नाही म्हणून मशीन बंद पडत नाही!

कारकूनसाहेब, मशीनच्या मागे आणि डावी-उजवीकडे हात फिरवून बघा. कुठून तरी गरम झोत येत असेल. तो तुमच्या खुर्चीकडे असला तर दिवसभर तुम्ही मशीनचा उच्छ्वास घेताय. नुसतं मशीन फिरवलं तरी फरक पडेल.

रिफिलचं तर बोलायलाच नको. स्वस्त पूड, घासलेला ब्लेड, वेस्ट टोनरचा डबा गच्च भरलेला. अशी मशीन उघडली की आतला सगळा मजला काळा. सुरुवातीला मी मास्क लावत नव्हतो. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. तेव्हा हसायचो. आता पोरांना मास्कशिवाय कार्ट्रिजला हात लावू देत नाही.

टोनर सांडला तर घरातला व्हॅक्युम क्लीनर लावू नका. पूड इतकी बारीक की पिशवीतून आरपार जाऊन मागच्या बाजूने खोलीभर. ओल्या फडक्याने पुसा. कपड्यावर पडली तर आधी झटका आणि गार पाण्याने धुवा. गरम पाणी घातलं की फ्यूजरचं काम तुम्हीच केलंत, डाग कायमचा.

अनघा_न्यूजर्सी

टोनरवाले दादा, असे प्रतिसाद वाचायलाच इथे येते. वाखूसा (वाचनखूण साठवली).

गणित_मास्तर

मशीनवर सगळा दोष जातोय, पण माझा संशय सात माणसांवर आहे.

माणूस बसल्या बसल्या तासाला अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सात जणांचा १२६ लिटर. बारा बाय वीसची खोली, नऊ फूट उंची धरली तर साधारण ६१ घनमीटर. हवा बाहेर जायला वाटच नसेल तर दर तासाला २,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, ते माप) वर भर. दार उघडझाप होतं, फटी असतात, म्हणून तासाला एकदा खोलीभर हवा बदलते असं धरू. तरी आकडा २,५०० च्या आसपास जाऊन स्थिरावतो. बाहेर तो ४२० च्या आगेमागे असतो.

स्प्लिट एसी बाहेरून हवा आत घेतो असं निम्म्या महाराष्ट्राला वाटतं. घेत नाही. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या नळ्यांतून फक्त गॅस फिरतो. खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा गार होते. त्यात सात जणांचा श्वास, मशीनची वाफ, साहेबांचं परफ्यूम, फॉल्स सीलिंगच्या प्लायमधलं फॉर्मल्डिहाइड, सगळं मुरत जातं. सकाळी दहाला ठीक आणि दुपारी चारला डोकं, हे वेळापत्रक मला मुरण्याचंच वाटतं.

मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा आकडा येतो का?

कोपऱ्यातला_कारकून

येतो सर. सकाळी ४१०, दुपारी कधी ९०० तर कधी एकदम ३,०००. काही ताळमेळ नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

गणित_मास्तर

मग तो मोजत नाही, अंदाज करतो. स्वस्त मीटरमध्ये वासाच्या वायूंचा सेन्सर असतो आणि त्यावरून हा आकडा रचलेला असतो. जवळ सॅनिटायझर चोळून बघा, उडी मारेल. खऱ्या मोजणीला अवरक्त किरणांवर चालणारा, एनडीआयआर सेन्सरचा मीटर लागतो. माझ्याकडे आहे. मुलुंडला राहतो, हवा तर आठवडाभर घेऊन जा.

रांगडा_सातारकर

आमच्या आजीनं आयुष्यभर चुलीवर भाकऱ्या थापल्या, नव्वदीत गेली. तुम्ही शहरवाले प्रिंटरला भिता. चालू द्या.

मृण्मयी_रसायन

आजींना नमस्कार. पण त्या चुलीपुढे खोकून खोकून पन्नाशीत गेलेल्या बायकांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यांचे नातू धाग्यावर येऊन ‘आमची आजी’ म्हणत नाहीत. चूल-शेगडीच्या धुराने २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख मृत्यू झाले, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. प्रिंटर त्याच्या जवळपासही जात नाही, हे मात्र तुमचं शंभर टक्के मान्य. घरातल्या धोक्यांची उतरंड लावायची तर चूल, कॉइल आणि गॅस गिझर फार वर. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवींनी बंद खोलीत एक कॉइल जाळणं म्हणजे शंभर सिगारेटींएवढे पीएम २.५, असं मोजून सांगितलं होतं.

रांगडा_सातारकर

कॉइलचं माहीत नव्हतं. आमच्यात रोज दोन लागतात, गोठ्यात एक आणि पोरांच्या खोलीत एक. आज मच्छरदाणी काढतो माळ्यावरनं.

सुलू_नाशिक

गिझरचा विषय निघाला म्हणून लिहिते. एरवी मी नुसती वाचत असते.

चार वर्षांपूर्वी थंडीत माझी जाऊ न्हायला गेली. गॅस गिझर बाथरूममध्येच, दाराच्या वर. थंडी म्हणून वरची झरोक्याची काच बंद. वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना. पाण्याचा आवाज चालू, हाकेला ओ नाही. भावजींनी कडी उचकटली. ती फरशीवर पडलेली, गाल गुलाबी. झोपल्यासारखी दिसत होती. आधी सगळ्यांना वाटलं पाय घसरला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, ‘गिझर गॅसचा आहे का?’ ऑक्सिजन लावला, वाचली. महिनाभर गोष्टी विसरायची.

त्यांनी समजावलं ते असं. लहान खोलीत गिझर ऑक्सिजन जाळत जातो. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही, नुसतं डोकं जड होतं आणि मग पाय जातात. दार उघडून बाहेर यायची शुद्धच राहत नाही.

आता गिझर बाहेर गॅलरीत आहे, नळ आत. प्लंबरने दोन तासांत केलं. ते आधीच करायचं होतं.

पेठेतला_पाहुणा

सुलूताई, यावर विनोद नाही. आमचाही आतच आहे. उद्या प्लंबरला बोलावतो.

अनघा_न्यूजर्सी

आमच्याकडे घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो, धुराच्या अलार्मशेजारी. भारतातही ऑनलाइन मिळतात. पुढच्या खेपेला सासरी दोन घेऊन जाणार.

अवांतर: इथल्या भाड्याच्या घरांतली कित्येक ‘चिमणी’ धूर बाहेर टाकतच नाही. जाळीतून फिरवून माझ्याच कपाळावर सोडते! फोडणी दिली की अलार्म बोंबलतो, मग एक जण पोळ्या लाटतो आणि एक जण टॉवेल फडकावतो. भारतात चिमणी घेताना पाइप भिंतीबाहेर काढलाय ना, तेवढं बघा. बिनपाइपची चिमणी तेल अडवते. जळत्या गॅसचा नायट्रोजन डायऑक्साइड घरातच राहतो.

हिरवी_गॅलरी

स्नेक प्लांट ठेवा डेस्कवर. नासाने सिद्ध केलंय.

मृण्मयी_रसायन

नासाचा तो अभ्यास १९८९ चा. छोट्या हवाबंद पेटीत एक झाड, असा प्रयोग होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघांनी अशा सगळ्या प्रयोगांचे आकडे खऱ्या खोलीला लावले. इमारतीत एरवी जेवढी हवा बदलते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. कारकूनसाहेबांना खुर्चीऐवजी फांदीवर बसावं लागेल. झाड जरूर ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं.

चिकित्सक_चिंतू

एअर प्युरिफायरचं काय? साहेबांना पटवता येईल.

मृण्मयी_रसायन

हेपा फिल्टर, म्हणजे प्युरिफायरमधली दाट तंतूंची गाळणी, कण पकडतो, अतिसूक्ष्मसुद्धा. वायूंना जाडजूड कार्बन लागतो, बहुतेकांत तो नावापुरता असतो. कार्बन डायऑक्साइडला कशाचाच उपयोग नाही. आणि ‘आयोनायझर’, ‘ॲक्टिव्ह ऑक्सिजन’ असं लिहिलेलं घेऊ नका, त्यातली काही यंत्रं ओझोन सोडतात. म्हणजे टोनरवाल्या दादांची जुनी करोना वायर पैसे देऊन घरी आणायची. कॅलिफोर्नियाने अशा यंत्रांच्या ओझोनवर ५० पीपीबीची (शंभर कोटी भागांत ५० भाग) मर्यादा घातली आहे.

टोनरवाला

नवीन मशीन घेणार असतील तर एक सांगतो. काही मशीनवर पानांच्या माळेतल्या माणसाचं निळं चित्र असतं, ब्लू एंजल, जर्मनीचं. त्यात कणांचीही मर्यादा असते. टेबलावरच्या प्रिंटरला दहा मिनिटांत ३५,००० कोटी कण. वाचून हबकू नका, कण तेवढे बारीकच असतात. आणि रोजची शंभर-दीडशेच पानं असतील तर इंक टँक घ्या. त्यात काही तापवून चिकटवायचं नसतं. माझा धंदा कमी होईल, होऊ दे.

कोपऱ्यातला_कारकून

मंडळी, दहा दिवसांनी येतोय. हिशेब देतो.

घर: नळाच्या पाण्यावर लांबच्या कोपऱ्यात २६५, आरओच्या पाण्यावर ६०. आमच्या घोडबंदरच्या सोसायटीला बोअर आणि टँकर मिसळून पाणी येतं. मुलीच्या अभ्यासाच्या काळ्या टेबलावर बोट फिरवलं तर रांगोळीसारखी पांढरी रेघ. दोन महिने आम्ही बाईंना ‘इथली धूळ नीट पुसत जा’ म्हणत होतो. ह्युमिडिफायर बंद केला. एसी २६ वर आणि नाकात खोबरेल, रक्त आलेलं नाही.

ऑफिस: मास्तरांचा मीटर आणला (चहाही पाजला त्यांनी). सकाळी दहाला ५२०, जेवणाआधी १,५००, चार वाजता १,९३०. कागदावर आलेख काढून साहेबांसमोर ठेवला. साहेब आकड्यांचे माणूस, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, ‘चारलाच मी क्लायंटवर चिडतो.’ दुसऱ्या दिवशी स्क्रू काढले. मागच्या खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवला, दाराखाली फट ठेवली. आता चारचा आकडा ९०० च्या आत. एसीचं बिल वाढेल म्हणाले, बघू.

मशीनचा झोत खरंच माझ्या खुर्चीकडे होता. मशीन बाहेर पॅसेजमध्ये हलवलं. डोकं आठ दिवसांत एकदाच दुखलं, तेही सासऱ्यांचा फोन होता म्हणून. मशीनमुळे बरं वाटलं की पंख्यामुळे, सांगता येणार नाही, दोन्ही एकाच दिवशी केलं.

गणित_मास्तर

एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते हो! पण असो, अभिनंदन.

टोनरवाला

पॅसेजमध्ये खिडकी आहे का? आणि तिथं कोण बसतं?

कोपऱ्यातला_कारकून

खिडकी नाही. तिथे आमचा ऑफिस बॉय बसतो. स्टुलावर.

टोनरवाला

हं.

कोपऱ्यातला_कारकून

तुमचा ‘हं’ दोन दिवस डोक्यात होता, दादा. काल मशीन पुन्हा आत आणलं. एक्झॉस्टच्या बरोबर खाली, झोत खिडकीकडे. माझी खुर्ची समोरच्या भिंतीला गेली आणि साहेबांच्या केबिनची काच आता माझ्या पाठीशी आहे. मोबाइल बघता येत नाही, तेव्हा इथे प्रतिसाद रात्रीच.

ऑफिस बॉयला विचारलं, त्या दहा दिवसांत काही झालं का. म्हणाला, ‘घसा बसला होता सर, मला वाटलं गणपतीत ओरडलो म्हणून.’